जाते म्हणू नये

रविवार, १४ ऑक्टोबर २०१२. दुपारी तीन चाळीसला माझ्या सासूबाई, अलकनंदा, नदीच्या उत्तर काठावर उभ्या दिसल्या. त्यांनी नदी ओलांडलेली नव्हती.

नदी कसली, ओढाच. उत्तरेकडून आयर्लंडच्या मॉनहन परगण्यात शिरतो. आम्ही सहलीला बसलो होतो तिथे पाऊण मैल तोच हद्द: अलीकडे आयर्लंड, पलीकडे बेटाचा ब्रिटनकडे असलेला उत्तर तुकडा, म्हणजे ब्रिटनच. सासूबाईंचा व्हिसा फक्त अलीकडचा. माझ्या नवऱ्याने, नितेशने, सँट्रीच्या घरून निघतानाच त्यांना बजावलं होतं. एवढ्याशा पाण्याला दोन देश कशाला, म्हणून त्या हसल्या. निघताना शेजारच्या स्वप्नाला मी "जाते गं" म्हणाले, तर त्यांनी मलाच टोकलं. जाते म्हणू नये. येते म्हणावं.

तीन अडतीसला नितेशचा फोन वाजला, रोमिंगचा मेसेज: ब्रिटनमध्ये स्वागत आहे. आम्ही सतरंजीवरून हललोही नव्हतो. सासूबाई आमच्या मध्ये बसल्या होत्या. मी थर्मासकडे वळले. परत पाहिलं तर सतरंजीवर त्यांचे बूट होते, नाड्या बांधलेले.

मागच्या फाटकाशी एक शेतकरी केव्हाचा आमच्याकडे पाहत होता. मदतीला बोलावलं तर जागचा हलला नाही. रेघ नकाशात असते, पाण्याने ती का पाळावी, असं काहीसं म्हणाला आणि आम्हाला गाडी काढून निघून जायला सांगितलं.

नितेश गुडघाभर पाण्यात उतरला. मधोमध पोचला तेव्हा पलीकडून सासूबाईंचा आवाज आला.

"जाते हं, नितेश."

तो थांबला.

"तू आई नाहीस. आई जाते म्हणत नाही. येते म्हणते."

पलीकडची बाई लक्ष देऊन ऐकत होती. तिचे ओठ एकदा हलले, आवाज न करता. मग ती झाडीत शिरली.

दोन्हीकडच्या पोलिसांनी आठवडाभर शोधलं. प्रत्येकाचं म्हणणं, त्या दुसऱ्या हद्दीत असाव्यात. काठावर अनवाणी पावलाचा ठसा एकही नव्हता. नितेशने मला एकदाच विचारलं, ती आईच असली तर?

आज १८ नोव्हेंबर. हद्द इथून शंभर किलोमीटरवर आहे. तीन अडतीसला, सँट्रीतल्या आमच्या स्वयंपाकघरात, त्याचा फोन वाजला. ब्रिटनमध्ये स्वागत आहे.

दोन मिनिटांनी मागच्या दाराबाहेरून आवाज आला.

"येते हं, नितेश."

त्याला दहा मिनिटं झाली. नितेशचा हात अजून कडीवर आहे.