बडबडीनं दाखवलेलं शहर

पुढची गाडी दुपारी होती. मधले तास कसे घालवायचे हे आप्पांनी घरून निघतानाच ठरवलं होतं, फक्त कुणाजवळ बोलले नव्हते. थोरल्या मुलाला कळतं तर त्यानं तिकीटच बदलून दिलं असतं. "त्या शहरात उतरायचंच कशाला, आप्पा?" असं वर ऐकवलं असतं. म्हणून आप्पांनी तोंडातून अवाक्षर काढलं नाही.

त्या शहरात त्यांची धाकटी नोकरीला होती. घरात तिला सगळे बडबडी म्हणायचे, कारण जागी असली की तिची टकळी चालूच. जन्मापासून तिचा डावा पाय जरा आखूड. आप्पा बूट शिवणारे. लेकीच्या डाव्या बुटाला जाड तळ लावायचं काम त्यांनी कधी दुसऱ्याच्या हाती दिलं नाही. फोनवर ती सारखी मागे लागायची, "या ना एकदा, सगळं शहर फिरवते तुम्हाला." आप्पा म्हणायचे, "हातातलं काम उरकलं की येतो." ते काम काही उरकलं नाही. गेल्या वर्षी नदीच्या पायऱ्यांवर पोरीचा पाय घसरला आणि ती गेली. आप्पा तेव्हा तापानं अंथरुणाला खिळलेले, थोरलाच जाऊन सगळं आटोपून आला.

आता आप्पांना एकच हवं होतं. त्या पायऱ्या एकदा डोळ्यांनी बघायच्या. कारण तळाला खाचा त्यांनी स्वतः पाडल्या होत्या. तो बूट घसरणारा नव्हता हो!

सामान स्टेशनवर ठेवून ते बाकावर बसले आणि नाडी बांधायला वाकले. समोर फरशीवर ओल्या बुटांचे दोन ठसे होते. दुकानात गिऱ्हाईक समोर येऊन उभं राहावं, तसे. एक साधा, एक जाड तळाचा. त्या तळाच्या खाचा आप्पांच्या हातच्या होत्या. बाहेर तर रखरखीत ऊन होतं.

"बडबडे...?" ते हळूच म्हणाले.

शेजारच्या बाईनं त्यांच्याकडे पाहिलं आणि आपली पिशवी जवळ ओढून घेतली.

ठसे हलले. एक उमटला, जरा लांब दुसरा. आधीचे वाळून नाहीसे होत होते. घाबरावं की रडावं हेच आप्पांना कळेना. मग ते उठले आणि ठशांमागे चालू लागले. लेक शहर दाखवायला आली होती, आणि बापानं नाही कसं म्हणायचं?

ठसे त्यांना घड्याळवाल्यांच्या गल्लीतून घेऊन गेले. तिथे प्रत्येक दुकानात वेगळेच वाजले होते, आणि फोनवर ही गंमत सांगताना ती हसून हसून बेजार झाली होती. मग बाग आली. तिथल्या एका बाकासमोर ठसे बराच वेळ थांबले, तेव्हा आप्पा त्या बाकावर बसले. जेवणाची सुट्टी झाली की ती इथूनच फोन करायची. आप्पांनी बाकावरून हात फिरवला. इतकी बोलकी पोर, आणि आज एक शब्द नाही. त्यांना हुंदका आवरेना.

शेवटी एका काचेच्या इमारतीशी ठसे आले. दारावरचा पहारेकरी उठला.

"कुणाकडे जायचंय, काका?"

"कुणाकडे नाही. माझी मुलगी होती इथे कामाला."

त्याची नजर आप्पांच्या हातशिवणीच्या बुटांवर गेली, मग चेहऱ्यावर. "जाड बुटाची? अरे देवा... फार बोलायची हो. मी जेवलो का, हे रोज विचारणारी तीच एक."

"नदीच्या पायऱ्या कुठं आहेत?"

पहारेकरी आवाज खाली आणून म्हणाला, "नका जाऊ तिकडे. तिच्यानंतरही झालंय तिथे... पायरी कोरडी ठणठणीत असते, तरी माणूस जातो."

"बापाला बघायला नको?"

त्यानं हात लांबवून रस्ता दाखवला.

ठसे मात्र स्टेशनच्या वाटेला वळले होते. "थांब जरा, एवढं बघून येतो," असं म्हणून आप्पा नदीकडे निघाले. लगेच ठसे पळत यावेत तसे भराभर उमटत पुढे आले आणि अगदी त्यांच्या बुटांपुढून चालू लागले. आप्पांना भरून आलं. बघा, हिलाही तिथेच न्यायचं होतं! पोर बोलावते आहे म्हटल्यावर त्यांना मागचं काही आठवेना. थोरला नाही, गाडी नाही, काही नाही.

पायऱ्यांवर दोर बांधला होता. आप्पा त्याखालून वाकून गेले. भर दुपारची वेळ, पण रस्त्याचे आवाज वरच राहिले. खाली नुसती शांतता, शेवाळाचा वास, आणि त्यात ओलं चामडं कुजल्याचा एक वास... तो आप्पांनी नेमका ओळखला. पाणी हलत नव्हतं. एकेक पायरी ते उतरत होते आणि ठसे त्यांच्यापुढे एकेक पायरी खाली जात होते. शेवटच्या पायरीवर ठसे थांबले.

"येतो गं," आप्पा म्हणाले. "तुझ्याशिवाय घरात आवाजच नाही कसला. मलाही ने..."

ठशांना वळसा घालून त्यांनी एक पाय पाण्यात टाकला.

पाण्याखाली काहीतरी त्यांच्या पायाला लागलं. घोट्यावरून सावकाश फिरलं, टाचेकडे गेलं, मग चवड्याकडे. जन्मभर आप्पांनी गिऱ्हाइकांच्या पायांची मापं घेतली होती. आज कुणीतरी त्यांचं माप घेत होतं... निवांतपणे. मग ती पकड आवळली.

आप्पांनी खाली पाहिलं. ठसे सरकून पुन्हा त्यांच्या पायरीवरच्या पायासमोर आले होते, अगदी भिडून. चवड्याला चवडा.

तेव्हा कुठे त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. जन्मभर दुकानात खाली बसून समोर उभ्या माणसाचे बूट पाहिलेले. बुटाचं टोक आपल्याकडे असणं त्यांना इतकं सवयीचं की सकाळपासून खटकलंच नाही. त्यांच्यापुढून जाणाऱ्या प्रत्येक ठशाचं टोक त्यांच्याकडे होतं. भुताचे पाय उलटे असतात म्हणतात. पण हे पाय उलटे नव्हते. सकाळभर पोर आप्पांकडे तोंड करून, मागे मागे चालत होती. आधी शहर दाखवत होती. आणि पायऱ्यांवर? पायऱ्यांवर ती बापाला अडवत होती.

"बाजूला हो, पोरी..." आप्पा रडत म्हणाले.

ठसे जागचे हलले नाहीत. उलट त्यांच्या छातीला गार तळव्यांचा धक्का बसला, आणि ते मागच्या पायरीवर आपटले. पाय मोकळा झाला होता. मग आप्पा धडपडत, हातांवर रांगत वर गेले, आणि स्टेशन येईपर्यंत त्यांनी मागे वळून पाहिलं नाही.

गाडी सुटली. डब्यात दुसरं कुणी नव्हतं. शहर मागे पडलं, तसे आप्पा ढसाढसा रडले. तिला तिथे एकटीला सोडून आलो, हेच त्यांच्या मनात घोळत होतं. डोळे पुसून त्यांनी खाली पाहिलं तर समोर ते दोन ओले ठसे.

"आलीस?" आप्पांच्या चेहऱ्यावर हसू फुटलं. "चल, घरी चल..."

आणि मग त्यांचं लक्ष गेलं. या वेळी टोकं त्यांच्याकडे नव्हती. पोर त्यांच्याकडे पाठ करून, डब्याच्या बंद दाराकडे तोंड करून उभी होती.

दाराखालच्या फटीतून काळसर पाणी आत येत होतं आणि तिच्या ठशांपाशी येऊन अडत होतं. डब्यात ओल्या चामड्याचा वास भरला.

"घाबरू नकोस," आप्पा कसेबसे म्हणाले. "मी आहे मागे..."

पाण्याच्या रेट्यानं डावा ठसा किंचित मागे सरकला.