बेल काढून ठेवली ती रात्र

हसायचं असेल त्यांनी आत्ताच हसून घ्यावं. हे ज्याच्या बाबतीत घडलं तो शिंपी माझा मित्र. खोटं बोलणं त्याला कधी जमलंच नाही.

साथीतली टाळेबंदी उठून वर्ष झालं होतं. एका मंगळवारी संध्याकाळी तो वायरमनला बोलवायला गेला. दारावरची बेल रोज मध्यरात्री आपोआप वाजायची. वायरमननं बेलच काढली, वायरी तोडून ती टेबलावर ठेवली आणि म्हणाला, आता हिच्या बापालाही वाजता यायचं नाही.

शिंपी हसला नाही.

त्याच्या डोक्यावरच्या खोलीत एक ट्रकड्रायव्हर आणि त्याची बायको राहायची. एरवी नवरा महिनामहिना रस्त्यावर, तेवढाच तिच्या जिवाला विसावा. साथीत गाड्या उभ्या राहिल्या आणि तो चोवीस तास घरात. वरून आधी भांडी आपटल्याचे आवाज यायचे, मग मारल्याचे. शिंपी तेव्हा गल्लीभर फुकट मास्क वाटत होता. लोक त्याला देवमाणूस म्हणायचे. एका मध्यरात्री तिनं खाली येऊन त्याची बेल वाजवली. पुन्हा वाजवली. शिंप्याची बायको उठली, तसा त्यानं तिचा हात धरला. आजार घरात येईल, म्हणाला. सकाळी बघू.

सकाळी त्या वरच्या पोरीला जिन्यावरून खाली आणलं ते चादरीत गुंडाळून. नवरा तुरुंगात गेला. ह्याला कुणी दोष दिला नाही, कारण बेल वाजल्याचं ह्यानं कुणाला सांगितलंच नाही. पण तेव्हापासून तो माप घेतानासुद्धा गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे बघेना.

तर त्या मंगळवारी. साडेबाराचा सुमार.

टेबलावरची बेल वाजली.

दोघं जागेच होते.

पुन्हा वाजली.

"आजही सकाळीच बघायचं का?" बायकोनं हळूच विचारलं.

त्याला अंधारातसुद्धा तोंड लपवावंसं वाटलं. तो उठला. दार उघडलं. जिना रिकामा. वरच्या खोलीला कुलूप. कुणी नाही...

"ये पोरी," तो म्हणाला. "चुकलं माझं. आत ये."

बेल थांबली.

दार सताड उघडं ठेवून तो आतल्या बाजूला खुर्ची टाकून बसला. बायको आतल्या खोलीत जाऊन निजली. पहाटे कधीतरी त्याचाही डोळा लागला.

जाग आली तेव्हा दार बंद होतं.

आतून.

कडी घातलेली. साखळी अडकवलेली. वरची खिट्टी ओढलेली. त्या खिट्टीला हात पुरायला बायकोला स्टूल लागतं, आणि बायको अजून गाढ झोपेत होती. स्टूल तिच्या उशाशी, त्यावर पाण्याचा तांब्या.

खिट्टी इतक्या जिवाच्या आकांतानं ओढली होती, की उघडायला हातोडी घ्यावी लागली.