दाराकडे पाठ असलेली खुर्ची

विश्वास ठेवायचा तर ठेवा, नाहीतर सोडून द्या. मी पन्नाशी उलटलेली बाई. उगाच कुणाला घाबरवून मला काय मिळणार आहे?

हे माझ्याच बाबतीत घडलंय. मागच्या नोव्हेंबरात, हाँगकाँगच्या शाम शुई पो भागात, एका जुन्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर.

आणि रात्र नव्हती बरं का. दुपारचे साडेतीन वाजले होते.

मी आणि माझा नवरा वाय-हॉन, आम्ही माजाँग या चिनी खेळाच्या सोंगट्या हातानं कोरायचो. बल्बखाली शेकायच्या, मऊ झाल्या की कोरायच्या. सव्वीस वर्षं एकाच टेबलाशी, समोरासमोर. तो भिंतीला पाठ लावून, मी दाराकडे पाठ करून.

माझे डोळे अधू. म्हणून टेबलावरचा दिवा तो सारखा माझ्याकडे वळवायचा.

"अरे, तुला दिसतंय का काही?" मी वैतागायचे.

"तू दिसतेस ना. पुष्कळ झालं."

असा होता. एके दिवशी सकाळचा चहा पिता पिता गेला.

नंतर समोरची रिकामी खुर्ची बघत माझं काम होईना. कोरणी घसरायची. चांगल्या सोंगट्या वाया जायच्या. शेवटी फेंगशुई, म्हणजे घराची वास्तू बघणाऱ्या मोक सिफूंना, आमच्या गुरुजींना, बोलावलं.

त्यांनी होकायंत्राची तबकडी फिरवली आणि कपाळाला हात लावला. "वहिनी, सव्वीस वर्षं दाराकडे पाठ करून बसलात? मन थाऱ्यावर राहील कसं? भिंतीशी बसा. पाठीला डोंगरासारखा आधार हवा."

"ती ह्यांची जागा आहे."

"जाऊन किती दिवस झाले?"

आमच्यात एकोणपन्नास दिवस पाळतात. तोवर गेलेला माणूस घरी येत-जात असतो, मग कायमचा निघतो. त्याची जागा कुणी घेत नाही.

चाळीसच झाले होते.

"झाले की दोन महिने," मी म्हणाले.

खोटं बोलले. ती रिकामी खुर्ची बघवत नव्हती हो. दुसरं काही नाही.

त्याच दिवशी मी त्याच्या खुर्चीत बसले. माझी जुनी खुर्ची गिऱ्हाइकासाठी समोर ठेवली. कोरणी घसरेना. आठवडाभर छान काम झालं.

मग एका दुपारी मान वर केली, तर दिवा...

माझ्या जुन्या खुर्चीकडे वळलेला.

धक्का लागला असेल म्हटलं. सरळ केला. दोन सोंगट्या कोरून बघते तर...

पुन्हा तिकडेच.

दुसऱ्या दिवशी खोलीत चिटपाखरू नव्हतं. रस्त्यावरचे आवाजही कसे कोण जाणे, बंद झाले होते. आणि माझ्या मागून कुणीतरी सुस्कारा सोडला.

मागून म्हणजे कुठून? माझी पाठ आणि भिंत यांत हात घालायलाही जागा नव्हती.

"लिंग..."

त्याचाच आवाज. चहाला माझ्या नावानं हाक मारायचा तसा.

"अरे, मी इथेच आहे," मी म्हणाले.

माझ्या डोळ्यांदेखत दिवा हळूहळू फिरला. रिकाम्या खुर्चीकडे.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तो मला माझ्या जागेवर शोधत होता. मी त्याच्याच जागेत बसलेली, त्याला दिसणार कशी?

मी सिफूंना फोन लावला. खरं काय ते सांगून टाकलं. ते रागावलेसुद्धा नाहीत.

"वहिनी, आज कितवा दिवस?"

मी बोटांवर मोजलं. "एकोणपन्नासावा."

"उठा. आत्ताच्या आत्ता तुमच्या खुर्चीत जाऊन बसा."

मी उठले. घाईत टेबलाला गुडघा आपटला, सोंगट्या जमिनीवर विखुरल्या. त्यांवरून घसरत, धडपडत मी कशीबशी माझ्या खुर्चीत बसले.

"मी आले," मी म्हणाले. "बघ ना, आले."

दिवा जागचा हलला नाही.

मग माझ्या पाठीमागे दार उघडलं...

जिन्यावर पावलं वाजली. एक पायरी, थांबणं. एक पायरी, थांबणं. डावा गुडघा दुखायचा त्याचा.

पावलं खाली जात होती.

मी धावले. तिन्ही मजले उतरले, हाका मारत. जिना रिकामा होता. खाली भर दुपारची गर्दी, आणि त्यात तो नव्हता.

हे का झालं, सिफूंनाही सांगता येत नाही. मी अजून त्याच खोलीत काम करते, माझ्याच खुर्चीत. दार मात्र आता लावत नाही.

तुम्ही विचाराल, भीती नाही वाटत?

वाटते. तो परत येईल याची नाही. मी जागेवर दिसले नाही म्हणून तो मला शोधायला बाहेर पडला, आणि मी इथे आहे हे त्याला सांगणारं कुणीच नाही, याची वाटते.