अकरा नंबरचा बिल्ला

हे खोटं असतं तर फार बरं झालं असतं.

रचून लिहिणं मला जमत नाही. मी लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस. शाळा सुटल्यापासून साधं पत्रसुद्धा लिहिलेलं नाही. पण जे झालं ते माझ्याच बाबतीत झालं, आणि त्यातला पहिला भाग मीच घडवून आणला.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. नोव्हेंबरचा दुसरा शनिवार, पहाटेचे सहा.

मोठं तळं, भोवती झाडी, काठावर सरकारी उद्यान. तंबू ठोकायला आखून दिलेल्या जागा, नळ, आणि खाली लाकडी धक्का. तिथे होड्या भाड्याने मिळतात. ताई, भाऊजी आणि मी, असे तिघे दोन दिवसांसाठी गेलो होतो. भाऊजींची बेकरी होती. जन्मभर पहाटे तीनला उठलेला माणूस, त्यांना सुट्टीतही झोप कुठली! त्यांनी माझा पाय धरून ओढला.

“उठा सालेसाहेब! तळं काय तुमची वाट बघत बसणार आहे?”

धक्क्यावर खिळे मारलेला एक फळा होता. होडी घेताना तिच्या नंबरचा पत्र्याचा बिल्ला खिळ्याला अडकवायचा. परत आल्यावर तो काढून पेटीत टाकायचा. धुकं असलं, की फळ्यावर शेवटचा बिल्ला असेपर्यंत राखणदार दर मिनिटाला घंटा वाजवत राहायचे. त्या आवाजाच्या रोखाने होड्या परत यायच्या. राखणदार साठीचे होते, काटकुळे. सगळे त्यांना घंटाकाका म्हणायचे.

आम्ही दोन होड्या घेतल्या. भाऊजींची अकरा, माझी बारा.

अर्ध्या तासात धुकं उतरलं. माझे हात गारठले. मी होडी वळवली. भाऊजी मागेच होते.

“काय सालेसाहेब, लिफ्ट मध्येच बंद पडली का?”

त्यांचं हसणं ऐकू आलं. वल्ह्यांचा आवाजही. टक्... टक्...

मी धक्क्याला लागलो. घंटाकाका दोरी धरून पाठमोरे उभे होते. मी माझा बिल्ला काढला.

आणि भाऊजींचाही काढला.

ते आलेच आहेत, त्यांनी कशाला पुन्हा फळ्यापर्यंत यायचं, असं वाटलं. मला चहाची घाई झाली होती. बस, एवढंच कारण.

आमच्या धंद्यात पहिल्या दिवशी एकच गोष्ट शिकवतात. लिफ्टच्या खड्ड्यात उतरणारा माणूस मेन स्विचवर आपल्या नावाची पाटी लावतो. ज्याची पाटी, त्यानेच काढायची. दुसऱ्याने हात लावायचा नाही, मग तो साहेब का असेना. अठरा वर्षं मी हे पाळलं. यावरून नव्या पोरांना फैलावर घेतलंय. आणि तिथे... तिथे मी सुट्टीवर होतो ना!

मी तंबूकडे चढायला लागलो. मागे घंटा थांबली.

ऐकलं मी ते. आले असतील, म्हटलं, आणि चालत राहिलो.

ताईने तीन कपांत चहा ओतला. एक कप निवला.

होडी पलीकडच्या काठाला सापडली, पाण्यात बुडालेल्या झाडांच्या खोडांत उलटी झालेली. बुडू नये म्हणून घालायचं जाकीट होडीखालीच तरंगत होतं. ते काढून बसायची त्यांची सवय. भाऊजी तिसऱ्या दिवशी मिळाले.

चौकशी झाली. घंटाकाका पुन्हा पुन्हा एकच सांगत होते, “फळा रिकामा होता साहेब. म्हणून थांबलो.”

साहेबांनी मला विचारलं, “तुम्ही तुमचा बिल्ला काढला होता?”

“हो,” मी म्हणालो.

त्यांनी पुढे विचारलं नाही. मी पुढे सांगितलं नाही.

घंटाकाकांना कामावरून काढलं. ताई त्यांच्या नावाने बोटं मोडायची, आणि मी शेजारी बसून मान डोलवायचो. मला माझीच शिसारी यायची. तरी मान डोलवायचो.

दोन वर्षांनी, त्याच शनिवारी, ताई मला घेऊन पुन्हा तिथे गेली.

“ते जिथपर्यंत गेले, तिथपर्यंत मला एकदा जाऊन यायचंय,” ती म्हणाली. “एकटीला.”

कुठल्या तोंडाने नाही म्हणणार?

तसंच धुकं. तीच वेळ. धक्क्यावर आता एक तरुण मुलगी होती. ताईला सात नंबर मिळाला. तिने जाकीट घट्ट बांधलं, बिल्ला अडकवला आणि निघाली. दहा हातांवर ती दिसेनाशी झाली.

मुलगी घंटा वाजवायला लागली.

वीस मिनिटं झाली. चाळीस झाली. ताईचा पत्ता नाही.

मी सहज फळ्याकडे बघितलं...

दोन बिल्ले होते.

सात. आणि अकरा.

अकराच्या कडेवरून पाणी ठिबकत होतं.

“अकरा नंबर कोण घेऊन गेलंय?” मी विचारलं.

“अकरा? तो नंबर कधीच बंद केलाय दादा.” तिने फळ्यावर नजर टाकली. “सात नंबर तेवढा बाहेर आहे.”

तिला दिसतच नव्हता.

तिने पुन्हा दोरी ओढली. लोलक घंटेवर आपटलेला मी बघितला...

आवाज आला नाही.

ती ओढत होती. लोलक आपटत होता. मला घंटा ऐकू येईना, पाणी ऐकू येईना, माझा श्वाससुद्धा ऐकू येईना. मी “ताई!” म्हणून जिवाच्या आकांताने ओरडलो. तेही ऐकू आलं नाही.

भाऊजी असेच गेले असतील. कुठूनही काही ऐकू न येता. हे तेव्हा पहिल्यांदा माझ्या डोक्यात शिरलं.

मग...

टक्... टक्...

वल्ह्यांचा आवाज. सावकाश, एका लयीत. तो धक्क्याशी येऊन थांबला. पाण्यावर काहीच नव्हतं. एक फळी करकरली, कुणी वर चढावं तशी. दुसरी करकरली. माझ्या अगदी शेजारची तिसरी.

अकरा नंबरचा बिल्ला हलला.

आणि खिळा रिकामा झाला.

त्याच क्षणी घंटा कानात घणघणली. धुक्यातून ताईची होडी बाहेर आली.

“पुढची होडी कुठे गेली रे?” ती म्हणाली. “घंटा बंद झाली, मला दिशाच कळेना. मग पुढे कुणीतरी वल्हवताना ऐकू आलं. त्याच्याच मागे आले मी. आत्ताच लागली ना इथे?”

मला राहवलं नाही. तिथेच सगळं ओकलो. चहाची घाईसुद्धा.

ताई जाकिटाचे बंद सोडत होती. गाठ सुटत नव्हती. मी मदतीला हात पुढे केला, तिने तो झिडकारला.

“मला काय सांगतोस?” ती म्हणाली. “दोन वर्षं ज्याला मी शिव्या दिल्या, त्याला जाऊन सांग.”

घंटाकाकांचं घर शोधायला आठवडा लागला. इस्त्रीच्या दुकानावर एक खोली. त्याच दुकानाचे कपडे ते वर आणून इस्त्री करायचे. मी दारातच उभं राहून सांगून टाकलं. त्यांनी शर्टाची बाही पूर्ण केली, मग इस्त्री उभी ठेवली.

“माहीत आहे मला.”

“कुणी सांगितलं?”

“तुमच्या भाऊजींनी. मला काढलं, त्या दिवशी संध्याकाळी आले होते. आत या म्हटलं, तर म्हणाले नको, फरशी ओली होईल.”

मी पायाखालच्या फरशीकडे बघितलं.

“म्हणाले, मेव्हण्याला घाई फार, पण मनाने वाईट नाही. येईल, सांगेल. जरा थांबा.”

“मग तुम्ही साहेबांना का नाही सांगितलंत काका?”

“मेलेल्या माणसाची साक्ष कोण लिहून घेणार?”

त्यांनी दुसरा शर्ट पसरला.

“तुम्ही आलात, बरं झालं. दर शनिवारी येतात हो बिचारे. तुम्ही आलात का, एवढंच विचारतात. आज आले की सांगतो.”

मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. शनिवार होता. पाच वाजत आले होते.

सोमवारी मी लेखी कबुली दिली. घंटाकाकांच्या नावावरचा डाग पुसला गेला. ताई अजून माझ्याशी बोलत नाही. ते मला मान्य आहे.

पण त्या संध्याकाळी मी तिथे थांबायला हवं होतं. दोन वर्षं ज्यांनी माझी वाट बघितली, त्यांच्या समोर उभं राहायला हवं होतं.

घंटाकाका म्हणालेसुद्धा, “थांबा की पाच मिनिटं.”

मी थांबलो नाही. मी पळालो.