मागून तपासलेली मान

दुपारचे पेशंट आटोपले होते. लेक डबा घेऊन दवाखान्यात आली आणि खुर्चीत बसता बसता म्हणाली, "बाबा, इथे जबड्याखाली गाठ लागतेय. आईसारखी तर नाही ना?"

तिची आई गेल्या वर्षी मानेतल्या गाठीनेच गेली. तीही डॉक्टर. याच खोलीत आम्ही दोघं पेशंट बघायचो. मी लोकांशी गप्पा मारत बसणार आणि ती तळवे चोळून, हात गरम करून मुकाट्याने निदान करणार, असा आमचा संसार. आता ही खोली मला खायला उठते.

"गाठ म्हटली की लगेच वाईटच का?" मी उसनं हसून म्हणालो. "घे, पाण्याचा घोट तोंडात धर."

मान पेशंटच्या मागे उभं राहून तपासतात. मी लेकीच्या पाठीशी गेलो, दोन्ही हातांची बोटं जबड्याखाली टेकवली. "हं, गिळ आता." गाठ लागली. मऊ, बोटाखाली सरकणारी. मी जरा दाबली.

"आई गं! दुखतंय ना!"

दुखणारी गाठ बहुतेक साधी निघते. आठवडाभर तिचा घसा धरला होता, त्याचीच ही सूज. माझा जीव भांड्यात पडला. "काही झालेलं नाही. बापाला फुकट घाबरवलंस," म्हणत मी मागच्या बेसिनवर हात धुवायला गेलो.

नळ चालू होता. मागून तिचा आवाज आला.

"बाबा... पुरे ना आता. हात काढा."

मी वळलो. ती खुर्चीत ताठ बसली होती. तिच्या मागे कुणीच नव्हतं.

"मी इथे आहे, बाळा."

तिने मान वळवली आणि माझे ओले हात बघून ती पांढरीफटक पडली. "मग हे... दाबतंय कोण? हात किती गरम आहेत..."

डाव्या खांद्याजवळ, गळ्याच्या हाडाच्या अगदी वर, तिच्या कातडीत बोटांचे खळगे पडले होते. तिथवर मी पोचलोच नव्हतो. मी तिच्या समोर येऊन त्या खळग्यात बोट ठेवलं. बारीकशी गाठ होती. दगडासारखी कडक, जागची हलेना. हिच्या आईची नेमकी इथेच होती.

"दुखतंय का?" मी विचारलं. हो म्हण पोरी, एकदा हो म्हण, असं मी मनात विनवत होतो.

"नाही. अजिबात नाही." तिने घाबरत डोक्याला हात लावला. "पण बाबा... माझ्या केसांत हे कोमट थेंब कुठून पडतायत?"