पहिला शेजारी

साउथहॅम्प्टनच्या बंदरातून रिटायर झालेला एझरा चेऊलकर एका शुक्रवारी सकाळी शेजारणीची लोकरी शाल घेऊन हॉस्पिटलात निघाला. गोष्ट एकाहत्तर सालच्या जानेवारीतली. धुकं असं, की बस पुढ्यात येऊन थांबल्यावरच तिचा नंबर वाचता यावा.

शेजारीण म्हणजे ग्रासियाना. बास्क मुलखातली, स्पेन-फ्रान्सच्या अगदी सरहद्दीवरच्या खेड्यातली. सदतीस साली तिकडे लढाई भडकली, तेव्हा जहाजभर मुलं या बंदरात उतरली. त्यांना सांभाळायला म्हणून ही आली. मुलं हळूहळू परत गेली, ही राहिली ती राहिलीच. एझराशी तिचं सूत जमलं ते नावावरून. तिच्या गावात माणसाला घराचं नाव लागतं. "आमच्यात गावाचं लागतं," एझरा म्हणाला होता. "चेऊल गाव आमचं, म्हणून मी चेऊलकर." तेव्हापासून परसातल्या कुंपणाशी, तिच्या मधमाश्यांच्या पेटीजवळ उभं राहून दोघं एकमेकांना आपापलं गाव दाखवत. तिचं गाव एझराला पाठ झालं होतं. डोंगरात अकरा घरं. खाली ओढा. ओढ्यापलीकडे दुसरा देश. प्रत्येक घराची चर्चला जायची आपली वेगळी वाट, आणि त्या घरचं मढं न्यायचं ते त्याच वाटेने. पुढे चालणार पहिला शेजारी, म्हणजे चर्चच्या बाजूला ज्याचं घर असेल तो. त्याच्यामागूनच मेलेल्या माणसाला वाट सापडते म्हणे.

खाटेवर ती अगदी चिमणीएवढी झाली होती.

"मिस्टर एझरा, चर्च तुमच्या बाजूला आहे. म्हणजे माझे पहिले शेजारी तुम्ही."

"अहो बाई, मी यहुदी माणूस."

"मधमाश्या काही विचारणार नाहीत." ती हसली, मग बराच वेळ खोकली. "मी गेले की माझ्या पेटीवर तीनदा टकटक करा. सांगा, मालकीण गेली, तिच्या दिव्यासाठी मेण करा. माश्यांना कळलं की गावाकडच्या घराला कळतं. नाही सांगितलंत, तर मी घरी पोचणार नाही... तुमच्याच भिंतीपलीकडे बसून राहीन."

एझराने मान डोलवली. घरी येऊन हे सांगितलं, तर त्याची बायको मिल्का म्हणाली, "माझ्याशी दिवसाकाठी चार शब्द नाहीत, आणि आता माश्यांशी बोलणार!"

संध्याकाळी निरोप आला, ग्रासियाना गेली. पण मिल्काचे शब्बाथचे दिवे लागून गेले होते, म्हणजे आता शनिवारच्या रात्रीपर्यंत कामधाम बंद. एझराने विचार केला, आज राहू दे. मेलेल्या माणसाला कसली आलीय घाई? रविवारी सांगू.

शनिवारी चारच्या सुमाराला उजेड मावळत आला होता. तेवढ्यात भिंत वाजली. टक... टक... टक.

भिंतीपलीकडे ग्रासियानाचं किचन. घराला कुलूप, आणि किल्ली एझराच्या खिळ्याला.

"अहो..." मिल्का हळूच म्हणाली, "पाइप असेल ना?"

"असेल."

पुन्हा तीनदा वाजलं. या वेळी खालून. जमिनीवर बसलेल्या माणसाचा हात पोचेल, तिथून.

एझराने टोपी घातली आणि परसदाराने तिच्या अंगणात गेला. एवढ्या गारठ्यात तिथे कोमट मेणाचा वास येत होता. जानेवारीत माश्या पेटीत गोळा होऊन गप्प बसतात, जरासुद्धा आवाज नसतो. त्याने तीनदा टकटक केलं. इंग्लिश शब्द ओठांवर येईनात, तेव्हा मराठीतच म्हणाला, "मालकीण गेली रे बाळांनो. तिच्या दिव्यासाठी मेण करा."

पेटी घुमली. बंद खोलीत पुष्कळ माणसं प्रार्थना म्हणत असावीत, तशी. मग एकदम थांबली. आणि एझराच्या मागे कुणीतरी गुडघ्यावर हात टेकत उठलं, सुटल्यासारखा श्वास टाकला.

एझराने मागे बघितलं नाही. सावकाश आपल्या दाराकडे चालत गेला. त्याच्यामागे पावलं येत होती. घाई नव्हती त्यांना. तो आत शिरला तेव्हा सगळं शांत होतं, आणि का कोण जाणे, त्याचं मन फुलासारखं हलकं झालं होतं. भिंत त्यानंतर कधी वाजली नाही.

एप्रिलमध्ये ग्रासियानाची भाची मायालेन घर आवरायला आली. मिल्काने तिला चहाला बोलावलं.

"माफ करा बाई," एझरा म्हणाला, "पत्ता नव्हता आमच्याकडे, म्हणून कळवता आलं नाही."

"असं काय म्हणता? तुम्हीच तर आमच्या गावी आला होतात ना सांगायला!" मायालेनने फडक्यात बांधलेला चीझचा गोळा टेबलावर ठेवला. "त्या शनिवारी, अंधार पडता पडता. आईने हेच पुढे केलं, तर तुम्ही हात लावला नाहीत. म्हणालात, दुपारी मटण झालंय, आमच्यात त्यावर दुधाचं चालत नाही. आईने आठवणीने पाठवलंय."

मिल्काच्या हातातली किटली तशीच राहिली. त्या शनिवारी दुपारी नारळाच्या रसातलं मटण होतं. घरात जेवायला दोघंच होती.

"मी कुठे गेलो नव्हतो," एझरा म्हणाला. "परसात... तेवढाच."

म्हाताऱ्याचा संकोच समजून मुलगी हसली.

"आई अजून सांगते. दार उघडलं, तेव्हा तुम्ही पुढे उभे होतात, मागे आणखी कुणीतरी," ती म्हणाली. "परत निघालात, तेव्हा एकटे."