टोचलेलं लिंबू

प्रमोदिनीने कुजकं लिंबू कुंपणापलीकडे भिरकावलं आणि पलीकडून आवाज आला, "वा! अजून आहेत?"

ती डोकावली. सायकल धरून एक तरुण उभा होता. सदऱ्यावर हिरव्या बुरशीचा शिक्का, आणि चेहऱ्यावर जावयाला आहेर मिळाल्याचा आनंद!

हा नरहरी. पुण्याच्या शेतकी कॉलेजातला. या वटार गावची लिंबं मुंबईला पोचेपर्यंत करंडीतच का कुजतात, ते शोधायला आलेला. प्रमोदिनीच्या वडिलांनी, भाऊंनी, त्याला ओटीवर जागा दिली, पण बजावलंसुद्धा, "झाडालाच रोग हाय. पुनवेपर्यंत कळलं नाय, त तोडतो नि केळी लावतो."

ती झाडं प्रमोदिनीच्या आईने लावलेली. आई आता नव्हती.

नरहरी कुजक्या लिंबाच्या कडेचा तुकडा कापून घ्यायचा.

"मधला का नाही?" तिने विचारलं.

"मध्ये बघ्यांची गर्दी. चोर सापडतो कडेला... जिथे चांगलं संपतं आणि कुजणं सुरू होतं." बोलता बोलता त्याने वर पाहिलं, आणि पुढचं विसरला.

बशीत ठेवलेल्या तुकड्यावर बुरशी वाढली. आता ती बुरशी सुईने चांगल्या लिंबात टोचायची होती. तेही तसंच कुजलं, की गुन्हा शाबीत.

"मग?"

"मग मी पुण्याला."

टोचून पेल्याखाली झाकलेलं लिंबू मऊ पडू लागलं, तशी तिने ते गुपचूप बदललं. नव्याला केसांतल्या आकड्याने टोचलं. नरहरीने मान हलवून पुन्हा सुई घेतली. तिने तेही बदललं.

मग एका सकाळी भाऊ कुऱ्हाडीला धार लावताना दिसले. नरहरीला थांबवायचं म्हणून आईची झाडं घालवायची? तिसरं लिंबू तिने बदललं नाही. बुरशीने हिरवं झालं, तेव्हा स्वतःच बाहेर आणलं.

"चोर सापडला," ती म्हणाली. डोळे भरून आले होते.

"भाऊ, झाडं ठणठणीत आहेत," नरहरी म्हणाला. "तोडताना, फेकताना साल खरचटते, तिथून बुरशी शिरते. फळं अलगद उतरवा, कुजकी वेगळी काढा."

भाऊ कुऱ्हाड आत ठेवायला गेले.

"सुईचं भोक बारीक असतं," नरहरी हळूच म्हणाला. "आकड्याचं मोठं."

ती लाजेने लाल झाली. "मग... बोलला का नाहीत?"

"एक टोचलेलं लिंबू माझ्या पेटीत होतं. ते केव्हाच कुजलं. झाडांना मी हात लावू दिला नसता. पण — जायचं मलाही नव्हतं."

"आता जाणार?"

"आईला घेऊन येतो. भाऊंना विचारायचंय."

"आणि मला?"

"तुम्ही तर दोनदा उत्तर दिलंत."

"ते लिंबांनी दिलं," ती म्हणाली. "माझं राहिलंय... हो."